मुळीक सरांची दाढ

विट्यात आता सोमवारी दाढ काढायची आणि गुरुवारी भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खायची, याचं कुणाला काही नवल उरलं नव्हतं. पूर्वी दाढ निघाली की आठवडाभर गालाला हात लावून हिंडायचं, पेज प्यायची आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला आ करून खड्डा दाखवायचा. आता डॉ. आरोही मेटकरींच्या दवाखान्यात दाढ निघाली की लगेच त्या रिकाम्या खड्ड्यावर 'सांधदीपा'चा तांबडा उजेड पडायचा. पेन्सिलीएवढी नळी आणि तिच्या टोकाला लेसर. तो प्रकाश पेशींच्या आतल्या ऊर्जाघरांना असा काही कामाला लावायचा की रक्ताची गुठळी घट्ट धरायची, हिरडी काठाकाठानं सरकत यायची आणि तळाशी नवं हाड बनायला लागायचं. लोकांनी त्याला सुटसुटीत नाव ठेवलं होतं, दिवा. "दाढ काढलीस, मग दिवा घेतलास का?" असं एकमेकांना विचारायचे.

दिवा लागण्याआधी यंत्र एक प्रश्न विचारायचं. कुणा शहरी बाईचा गोड आवाज होता तो. "आपल्याला तंबाखू, मिश्री किंवा गुटख्याची सवय आहे का?" आणि खुर्चीतला माणूस, खिशात पुडी का असेना, छातीठोकपणे सांगायचा, "नाही." बायकांचं तर विचारूच नका. मिश्री म्हणजे तव्यावर काळीठिक्कर भाजलेल्या तंबाखूची पूड. सकाळी उठून बोटानं दातांना लावायची, तल्लफ भागली की कामाला लागायचं. या भागातल्या निम्म्याअधिक बायका मिश्री लावतात, आणि विचारलं तर एकही लावत नाही.

आरोहीनं यावर स्वतःची पद्धत काढली होती. आधी यंत्राचा आवाज बंद करायचा. मग बाईबरोबर आलेल्या दिराला, सासऱ्याला, "मामा, खाली चहा चांगला मिळतो, घेऊन या जरा," म्हणून बाहेर काढायचं. मदतनीस फरजानानं दार लावलं की बाईचं पहिलं बोट हातात धरायचं आणि विचारायचं, "मावशी, किती वर्षं लावताय?" 'लावता का' असं नाहीच. बाई आधी बोट ओढून घ्यायची, मग पदराआड हसायची, आणि मग खरं सांगायची. खरं कळलं की आरोही प्रकाशाची मात्रा हातानं कमी करायची आणि तोच उजेड थोडाथोडा करून बऱ्याच बैठकांत द्यायची. वेळ लागायचा, पण जखम भरायची.

"मॅडम, कंपनीवाले तर म्हणतात मिश्रीवालीला दिवा द्यायचाच नाही," फरजाना एकदा म्हणाली.

"कंपनीवाल्यांचं काय जातंय! दाढा काय फक्त गुलाबी हिरड्यावाल्यांच्याच किडतात?" आरोही फणकारली.

तिच्या फणकाऱ्याला कारण होतं आणि ते कारण तिच्या घरात, पडवीत, तोंडावर पदर घेऊन बसलेलं असायचं. तिची आई, शालन.

सांधदीपाची पहिली चाचणी झाली तेव्हा आरोही शाळेत होती. फुकट दाढ काढून मिळणार म्हणून वाड्यावस्त्यांवरच्या बायकांना गाडीत भरून नेलं होतं, त्यांत शालन होती. चाचणी घेणारे होते डॉ. रत्नाकर मुळीक, हे यंत्र ज्यांनी बनवलं ते. त्यांनी शालनच्या तोंडात आरसा घातला, हिरडीची काळी किनार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि भरल्या वॉर्डात खणखणीत आवाजात विचारलं, "काय बाई, मिश्री लावता का?" शेजारी सासरे उभे. शालननं मान हलवली, नाही. मुळीक सर गालातल्या गालात हसले आणि शेजारच्या डॉक्टरला म्हणाले, "नाही म्हणतायत. करा चालू."

झालं असं की मिश्रीची काजळी वर्षानुवर्षं हिरडीच्या आत मुरत जाते. तांबडा प्रकाश स्वच्छ मांसातून खोलवर निघून जातो, काजळी आली की मात्र तिथेच अडतो. अडला की त्याची उष्णता होते. दाढ काढताना जबडा बधिर केलेला, त्यामुळे बाईला काही कळत नाही, आणि आत हाड करपत राहतं. शालनचं तसंच करपलं. खड्डा भरलाच नाही, पू झाला, आणि शेवटी जबड्याची एक बाजू कापून काढावी लागली. लग्नाकार्यात सगळ्यांच्या आधी ओव्या म्हणणारी बाई, ती चारचौघांत तोंड उघडायची बंद झाली. वरणात भाकरी कुस्करून, भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली.

आणि मुळीक सरांनी काय केलं? शालनसारख्या ज्या बायकांचं बिघडलं त्या सगळ्यांना चाचणीतून वगळून टाकलं. कारण दिलं, या बायकांनी सवय लपवली. मिश्रीमुळे जखम भरत नाही, प्रकाशाचा त्यात दोष नाही. म्हणजे जबडा गेला तो गेला, वर खोटारडेपणाचा शिक्काही बाईच्याच कपाळी. या बायकांच्या हिरड्या वगळून यंत्राला शिकवलं गेलं. त्यामुळे जन्मानं सावळी हिरडी कोणती आणि मिश्रीनं काळवंडलेली कोणती, हे त्याला कधी ओळखता आलंच नाही. म्हणून तो गोड आवाजातला प्रश्न. बाई 'नाही' म्हणाली की पुढची जबाबदारी तिची.

आरोही दंतवैद्य झाली ती या एका गोष्टीच्या मागे लागून. प्रयोगशाळेत तिनं काजळी मुरलेल्या हिरडीवर प्रकाश टाकून तापमान मोजलं, हाड करपताना पाहिलं, आणि एका परिषदेत उभं राहून, आईचं काय झालं त्यासकट, मुळीक सरांच्या तोंडावर सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माइक जवळ ओढून म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या आईंबद्दल मला सहानुभूती आहे. पण आईवरची माया वेगळी आणि विज्ञान वेगळं." सगळं सभागृह हसलं. आरोही खाली बसली. त्या दिवसापासून तिला या माणसाचा सूड घ्यायचा होता. उगाच चांगल्या शब्दांत गुंडाळून सांगण्यात अर्थ नाही, सूडच घ्यायचा होता. कसा, ते तिला ठाऊक नव्हतं.

आणि एके दिवशी सरांचाच फोन आला.

"मेटकरी मॅडम, माझी खालची शेवटची दाढ कामातून गेलीय. ती तुम्ही काढायची. सांगलीला, सगळ्यांसमोर. दिवाही तुम्हीच द्यायचा."

"मीच का, सर?"

"त्याचं काय आहे," सर दिलखुलास हसले, "सांधदीप आता खेडोपाडीच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात जाणार आहे. आरोग्य खात्याची माणसं बघायला येतायत. बनवणाराच खुर्चीत बसलाय आणि जिनं सर्वांत जास्त आरडाओरडा केला तीच दिवा धरतेय, म्हटल्यावर कोण शंका काढणार? शिवाय तुमचा हात हलका आहे म्हणतात."

माणसाच्या निर्लज्जपणाला काही सीमा! आरोहीच्या ओठांवर नकार आला होता. पण तिनं "या एकदा, दाढ बघते," एवढंच म्हटलं.

सर आले, खुर्चीत आडवे झाले. पुढच्या हिरड्या घासूनपुसून, पॉलिश करून छान गुलाबी केलेल्या. तोंडाला लवंगेचा वास. आरोहीनं आरसा आत नेला, दाढेच्या मागे जिभेच्या बाजूला तिरका केला, आणि तिचा हात थांबला. तिथे काळी किनार होती. जुनी, खोल मुरलेली. लवंगेच्या वासाखाली दुसरा एक वास होता, तो तर ती लहानपणापासून ओळखत होती. तिनं सरांच्या हाताकडे पाहिलं. पहिल्या बोटाच्या नखाच्या कडेला तपकिरी डाग.

मुळीक सर मिश्री लावत होते! कार्यक्रमासाठी थोडे दिवस बंद केली असेल, हिरड्या साफ करून घेतल्या असतील, पण खानापूरकडच्या कुठल्याशा वाडीत आईच्या मांडीवर बसून लागलेली सवय एवढी मोठी पदवी घेऊनही सुटली नव्हती. आणि खुर्चीत बसायला ते भीत नव्हते, कारण प्रकाशाचा दोष नाही, प्रकाशाचा दोष नाही, असं इतकी वर्षं जगाला सांगून सांगून त्यांचं त्यांनाच ते खरं वाटायला लागलं होतं.

आरोहीला आनंद झाला. नाचावंसं वाटलं तिला. तिनं आरसा बाहेर काढला आणि म्हणाली, "बाकी सगळं ठीक आहे, सर."

सर गेल्यावर फरजाना ट्रे उचलता उचलता थबकली. "मॅडम, त्यांच्या मागच्या बाजूला मी पाहिलं ते..."

"काय पाहिलंस?"

फरजानानं तिच्या तोंडाकडे बघितलं. "काही नाही," म्हणाली आणि ट्रे घेऊन आत गेली.

सांगलीचं सभागृह खचाखच भरलं होतं. मधोमध खुर्ची, वर मोठा पडदा, त्यावर सरांचं तोंड भिंतीएवढं दिसत होतं. पुढच्या रांगेत खात्याचे अधिकारी, मागे जिल्ह्यातले दंतवैद्य, कडेला वार्ताहर. आरोहीनं जबडा बधिर केला, दाढ हलवली आणि अलगद बाहेर काढली. टाळ्या झाल्या. जिभेच्या बाजूला तिनं कापसाचा बोळा असा ठेवला होता की पडद्यावर काळी किनार कुणाला दिसू नये. हे तिनं मुद्दाम केलं.

मग यंत्राचा गोड आवाज सभागृहभर घुमला. "आपल्याला तंबाखू, मिश्री किंवा गुटख्याची सवय आहे का?"

"नाही," सर बधिर ओठांनी, पण ठासून म्हणाले. "आयुष्यात कधीच नाही."

आरोहीच्या हातात नळी होती. रोज ती जे करायची ते आताही करता आलं असतं. 'दोन मिनिटं सगळे बाहेर जा, रुग्णाशी बोलायचंय,' एवढंच तर म्हणायचं होतं. अगदी क्षणभर तिनं दाराकडे पाहिलंही. मग तिला भिंतीकडे तोंड करून जेवणारी आई दिसली, आणि तिनं दाराकडे बघणं सोडून दिलं.

"सर, नक्की ना?" तिनं माइकमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "मिश्रीसुद्धा नाही?"

सरांचे डोळे तिच्यावर स्थिरावले. तिला कळलंय की नाही याचा त्यांनी अंदाज घेतला असावा. मग ते सभेकडे बघून हसले. "अहो मॅडम, मी काय तुमच्या वाडीवरची म्हातारी वाटलो?"

सभागृह हसलं. तसंच, त्या परिषदेसारखं.

"नाही म्हणतायत," आरोही म्हणाली आणि तिनं पायाखालची कळ दाबली.

तांबडा उजेड खड्ड्यात उतरला. यंत्रानं खड्ड्याच्या आतून हिरडी पाहिली, सावळी समजली आणि पूर्ण मात्रा सुरू केली. पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. सर अंगठा वर करून दाखवत होते, वार्ताहर फोटो काढत होते. आरोहीचा हात जराही हलला नाही. काजळीपाशी किती उष्णता साठत असेल हे तिला नेमकं ठाऊक होतं, आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, होऊ दे. माझ्या आईला झालं तेवढं होऊ दे.

सरांनी सगळ्यांना भाकरी खाऊन दाखवायचा कार्यक्रम गुरुवारी ठरला होता, तो पुढे ढकलला गेला. सरांना तातडीचं काम निघालं, असं कळवण्यात आलं. आरोहीनं ती बातमी वाचली आणि फरजानाला म्हणाली, "आज जिलेबी आण गं, माझ्याकडून." फरजानानं आणली, पण स्वतः एकही तुकडा खाल्ला नाही.

मग एका रणरणत्या दुपारी, दवाखाना रिकामा असताना, डोक्याभोवती मफलर गुंडाळलेला एक माणूस जिना चढून आला. चैत्रात मफलर! त्यानं तो सोडला आणि खोलीभर दुर्गंधी पसरली. मुळीक सरांचा गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला होता.

आरोहीनं तपासलं. खड्डा कोरडा होता, तळाशी हाड राखाडी पडलेलं. आईच्या जबड्याच्या जुन्या फोटोंत तिनं शेकडो वेळा पाहिलेला रंग.

"तुम्हाला माहीत होतं," सर म्हणाले. शब्द तोंडातून नीट निघत नव्हते. "तपासलं तेव्हाच माहीत होतं."

"मी विचारलं, सर. दोनदा विचारलं. तुम्ही नाही म्हणालात."

"एवढ्या लोकांसमोर मी काय म्हणणार होतो?"

आरोही हसली. इतकी वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती आणि ते ऐकायला मिळेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "माझी आई काय म्हणणार होती, सर? शेजारी तिचे सासरे उभे होते. शालन मेटकरी. आठवतं नाव?"

सरांनी आठवायचा प्रयत्न केला. मेटकरी मॅडमची आई एवढंच त्यांच्या लक्षात होतं, नाव खरंच आठवत नव्हतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"मेलेलं हाड काढावं लागेल," सर म्हणाले. आता आवाजात विनवणी होती. "लवकर. नाहीतर जबडा जाईल. या भागात हे तुमच्याइतकं चांगलं कोणी करत नाही. आणि मी दुसरीकडे कुठे जाऊ? जिथे जाईन तिथे पहिलं हेच विचारतील, की का झालं."

"मग सांगा की. मिश्री लावतो म्हणून सांगा."

"मॅडम, माझं सगळं बुडेल."

"त्याच सभागृहात, त्याच माणसांसमोर सांगायचं," आरोही म्हणाली. "मी मिश्री लावतो, माझ्या दिव्यानं माझं हाड जाळलं, आणि त्या बायकांचंही त्यानंच जाळलं. ज्यांना वगळलं त्या सगळ्यांना चाचणीत परत घ्यायचं, यंत्राला त्यांच्या हिरड्या शिकवायच्या. हे करा, त्याच दिवशी ऑपरेशन करते. तोवर मी हात लावणार नाही."

"मी नाही म्हटलं तर?"

"नाही म्हणायची तुम्हाला सवयच आहे."

सरांनी मफलर गुंडाळला आणि कठड्याला धरून जिना उतरले. आरोही खिडकीतून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. जिवाला मोठं समाधान वाटलं तिला.

संध्याकाळी ती वाडीवर गेली. शालन पडवीत लसूण सोलत बसली होती. आरोही तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. काळी किनार, बोटावरचा डाग, सभागृह, गोड आवाज, 'वाडीवरची म्हातारी', उजेड, सुजलेला गाल. सांगताना तिचा चेहरा फुलला होता. कुठे आईला हसू येईल, कुठे डोळ्यांत पाणी येईल, हे तिनं येताना गाडीत ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

शालनला हसू आलं नाही. सुरुवातीला तिचे हात चालू होते, उजेडाच्या गोष्टीपाशी ते थांबले.

"लय ठणकत असंल त्याला," ती म्हणाली.

"ठणकू दे की! तुला ठणकलं नव्हतं?"

"मला म्हाईत हाय, म्हनून तर म्हनते. रातीचं लय ठणकतं." तिनं सोललेला लसूण बाजूला सारला. "तुला किनार दिसली हुती म्हनतीस."

"हो, आधीच दिसली होती."

"आन तू तिथं बोळा ठिवलास."

"हो, ठेवला," आरोहीचा आवाज चढला. "आई, अगं तो माणूस सगळ्यांदेखत खोटं बोलला! त्यानं एकदा हो म्हटलं असतं तर मी थांबले असते."

"मी बी खोटंच बोलले हुते की गं."

"तुझी गोष्ट वेगळी. तू घाबरली होतीस."

"आन त्यो?"

शालननं पदर तोंडावरून खाली घेतला. लेकीसमोरसुद्धा ती तो कधी खाली घेत नसे. एका बाजूनं आत गेलेला जबडा उजेडात स्पष्ट दिसत होता.

"तू डॉक्टरीन हायस. तुला समदं कळतं, म्हनून इचारते," ती म्हणाली. "माझं जळलं, त्यात चूक कुनाची?"

"त्याची," आरोही लगेच म्हणाली. हे तर ती शाळेत असल्यापासून सांगत आली होती. "शंभरदा सांगितलंय तुला, आई. तू काय म्हणालीस याला काही अर्थ नव्हता. दिवा त्याच्या हातात होता, आणि त्याला डोळ्यांनी दिसत होतं."

शालन तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आन बाय, त्याचं जळलं, त्यात कुनाची?"